वाचक विचारतात : फिरत्या वस्तूंचा हिशेब

फिरत्या वस्तूंवरचे प्रश्न पाठवा, असे मागच्या अंकात म्हटले होते. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत खुर्ची आहे, माग आहे, साखर कारखान्याचे सेंट्रिफ्युगल (साखरेपासून मळी वेगळी करणारे फिरते यंत्र) आहे, चंद्रही आहे. नियम बहुतेकांना पाठ आहे : बाहेरून टॉर्क लागत नसेल तर कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा साठा (पुढे नुसता ‘संवेग’), बदलत नाही. अडखळतात सगळे ‘बाहेरून’ या शब्दावर. टॉर्क म्हणजे अक्षाभोवती दिलेला पीळ. तो कोण देतो आणि कोणत्या अक्षाभोवती देतो, एवढे ठरवले की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. उरलेल्यांना आकडे लागतात.

प्रश्न : बारावीच्या प्रकल्पासाठी फिरत्या खुर्चीचा प्रयोग केला. दोन्ही हातांत अर्ध्या किलोचे डंबेल धरून हात पसरले, मित्राने खुर्ची फिरवली, मग हात छातीशी घेतले. वेग वाढल्यासारखा वाटला, पण मोजल्यावर फरक जेमतेम. आमचे काय चुकले? आणि वेग वाढतो, तर जास्तीची ऊर्जा कुठून येते?
— विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : दोन गोष्टी चुकल्या : वजन कमी होते आणि खुर्ची जड फिरत होती.

आधी वजनाचे पाहू. साठ किलोचा माणूस आणि खुर्चीचा फिरणारा भाग मिळून, हात पसरलेले असताना जडत्व आघूर्ण (वस्तुमान अक्षापासून किती दूर पसरले आहे त्याचे माप; त्याला कोनीय वेगाने गुणले की संवेग) २.८ किलो-वर्गमीटर आणि हात आत घेतल्यावर १.९ धरू. नुसते रिकामे हात आत घेतले तरी वेग २.८ भागिले १.९, म्हणजे सुमारे दीडपट होतो. आता डंबेल. त्याचा वाटा म्हणजे वस्तुमान गुणिले अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग. पसरलेल्या हातात अंतर ०.७५ मीटर, छातीशी ०.२ मीटर. अर्ध्या किलोच्या दोन डंबेलांनी बाहेर ०.५६ ची भर पडते, आत ०.०४ ची. बेरीज ३.३६ आणि १.९४, गुणोत्तर १.७३. दोन-दोन किलो घेतले तर बाहेर २.२५, आत ०.१६. बेरीज ५.०५ आणि २.०६, गुणोत्तर २.४५. म्हणजे मिनिटाला २० फेरे असतील तर ४९ होतात, आणि हे मोजायला घड्याळही लागत नाही, समोरच्याला दिसते. डंबेल विकत आणायची गरज नाही. दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या चालतात, फक्त काठोकाठ भरा. अर्धवट बाटलीतले पाणी हिंदकळते आणि आकडे बिघडवते.

आता खुर्ची. हात पसरून, बाटल्या धरून बसा, मिनिटाला २० फेऱ्यांच्या आसपास वेग द्या आणि काही न करता खुर्ची थांबेपर्यंत फेरे मोजा. पाच तरी पूर्ण फेरे व्हायला हवेत. अशी खुर्ची, हात आत घ्यायला लागणाऱ्या एका सेकंदात, वेगाचा तीन-चार टक्केच भाग खाते. एका फेऱ्यात थांबणारी खुर्ची त्याच सेकंदात सतरा टक्क्यांच्या आसपास खाते, आणि खरी गंमत पुढे आहे : हात आत घेतल्यावर जडत्व आघूर्ण अडीचपट कमी झालेले असते, त्यामुळे तेच घर्षण आता अडीचपट झपाट्याने वेग मारते. तुम्ही फेरा मोजायला लागेपर्यंत कमावलेला वेग निघून गेलेला असतो. ऑफिसच्या खुर्चीचा मधला दांडा घट्ट ग्रीसमध्ये फिरतो, म्हणून ती या कामाला बहुधा वाईट. बॉल-बेअरिंग बसवलेला लाकडी पाट उत्तम, कोणताही फॅब्रिकेटर करून देईल.

मोजायची सोपी रीत अशी. पाठीला पांढरी चिकटपट्टी लावा आणि मोबाइल स्टँडवर ठेवून सेकंदाला ३० चौकटींनी चित्रण करा. मिनिटाला २० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ९० चौकटी, ४९ म्हणजे ३७. हात घेण्याआधीचा शेवटचा पूर्ण फेरा आणि घेतल्यानंतरचा पहिला पूर्ण फेरा, एवढेच दोन मोजा. पाय टेकू देऊ नका, पुढे झुकू नका (झुकलात की शरीराचे वजन अक्षाबाहेर जाते आणि फरशी जराशी उतरती असली तरी खुर्ची लंबकासारखी डुलते), आणि ढकलणाऱ्याने हात आत जाण्यापूर्वी खुर्ची पूर्ण सोडलेली असावी. थांबल्याबरोबर उठू नका, चक्कर येते.

ऊर्जेचे म्हणाल तर संवेग आणि ऊर्जा या दोन वेगळ्या वह्या आहेत. एका वहीतली रक्कम तशीच राहिली म्हणून दुसरीतलीही राहते, असे नाही. वरच्या उदाहरणात संवेग तोच, पण फिरण्याची ऊर्जा ११ ज्यूलवरून २७ ज्यूल होते. जास्तीचे १६ ज्यूल तुमच्या दंडांनी दिले. फिरत्या माणसाला बाटली बाहेर पळते असे वाटते. तिला आत ओढायला सुरुवातीला साधारण साडेसहा न्यूटन आणि शेवटी दहा न्यूटन बल लागते. हे बल गुणिले ५५ सेंटिमीटर, दोन हातांचे मिळून, यातून दहा-अकरा ज्यूल निघतात. राहिलेले स्वतःचे हात ओढण्यात जातात. हात परत पसरले की ऊर्जा पुन्हा ११ होते. तेव्हा मात्र स्नायूंना काही परत मिळत नाही, ते फक्त तापतात.

याच पत्रात शेवटी एक ओळ होती, ‘फिरता फिरता डंबेल सोडून दिले तर वेग वाढेल ना?’ नाही वाढणार. सुटलेले डंबेल आपल्या वाटणीचा संवेग घेऊनच जाते. राहिलेल्या माणसाचे जडत्व कमी, संवेगही तेवढ्याच प्रमाणात कमी, वेग जसाच्या तसा. करून पाहू नका, भिंत आणि मित्र दोन्ही जवळ असतात.

प्रश्न : टॉवेलचे माग चालवतो. धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा) पेटीत वेळेवर पोचला नाही की माग धाडकन थांबतो, सगळी चौकट हादरते. दर महिन्याला मागच्या पायांचे बोल्ट ढिले होतात, पुढचे कधीच नाहीत. फिरत्या चाकाचा जोर जातो कुठे, आणि मागचेच बोल्ट का?
— यंत्रमागधारक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : ‘मागचेच का’ या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. जोर चौकटीतून पायांत, पायांतून फरशीत आणि फरशीतून जमिनीत जातो. शेवटी पृथ्वीच्या खात्यात जमा होतो, तिला त्याचे काही वाटत नाही. वाटते ते मधल्या बोल्टना.

मोठे चाक २५ किलोचे आणि त्याचे बहुतेक लोखंड अक्षापासून २२ सेंटिमीटरवर, असे धरले तर जडत्व आघूर्ण १.२. मिनिटाला १२० फेरे, म्हणजे कोनीय वेग सेकंदाला १२.६ रेडियन, म्हणून कोनीय संवेग १५. हा संवेग शून्यावर आणायला लागणारा टॉर्क म्हणजे १५ भागिले लागलेला वेळ. अर्ध्या सेकंदात थांबवले तर ३० न्यूटन-मीटर. सेकंदाच्या विसाव्या भागात थांबवले तर ३००. काम तेच, धक्का दहापट. पुढच्या-मागच्या पायांत एक मीटर अंतर असेल तर ३०० न्यूटन-मीटर म्हणजे एका बाजूला ३० किलो वजनाइतके उचलणे आणि दुसऱ्या बाजूला तेवढेच दाबणे. यात फणीसकट पुढे-मागे झुलणाऱ्या जड लाकडी भागाचा आदळ धरलेला नाही, तो याहून मोठा असतो.

दिशा अशी लक्षात ठेवा : अचानक अडवलेले चाक चौकटीला आपल्याच फिरण्याच्या दिशेने लोटते. तुमच्या चाकाची वरची कड पुढे, कारागिराकडे, येत असणार. म्हणून चौकट पुढे कलते, पुढचे पाय दबतात आणि मागचे उचलले जातात. उचलणारा धक्का बोल्टला ताणतो, दाबणारा धक्का फक्त फरशीला कळतो. माग उलट्या दिशेने फिरणारा असता तर पुढचे बोल्ट ढिले झाले असते.

धाडकन थांबणे पूर्ण बंद करायला जाऊ नका. धोटा ताण्यात (उभ्या धाग्यांत) अडकलेला असताना फणी पुढे आली तर शेकडो धागे एका ठोक्यात तुटतात, त्यापेक्षा हादरा परवडला. पण तो हादरा थोडा लांबवता येतो. झुलत्या भागाखालचे पोलादी पाते चौकटीवरच्या ज्या ठोकळ्यावर आदळते, तो ठोकळा घट्ट जाम झालेला असेल तर तिथेच सगळे बिघडते. तो धक्क्याबरोबर किंचित सरकायला हवा आणि सरकता सरकता त्याने ब्रेक लावून मोटारीचा जोर सोडवायला हवा. तिथला गंज आणि सुताचा कचरा साफ करा, स्प्रिंग मोडलेली असेल तर बदला. पाती दोन्ही टोकांना असतात आणि दोन्ही एकाच वेळी आदळायला हवीत. हाताने माग हळू फिरवून दोन्ही ठोकळ्यांत कागदाची पट्टी धरा : एक पट्टी दाबली गेली आणि दुसरी सुटली तर झुलता भाग पिळला जातो आणि बिडाच्या चौकटीला तडा जाण्याची ती सुरुवात असते. ब्रेकच्या पट्ट्यावर तेल गळत असेल तर तो घसरतो आणि सगळा भार ठोकळ्यावर येतो. पायाखाली नमद्याचे जाड तुकडे आणि बोल्टला दुहेरी नट, एवढे केले की महिन्याचे काम सहा महिन्यांवर जाते.

आणि धोटा मुळात उशिरा का पोचतो तेही पाहा. झिजलेला पिकर (धोट्याला मार देणारा तुकडा), ढिला पट्टा, फार घट्ट पेटी ही नेहमीची कारणे. संध्याकाळी व्होल्टेज पडल्यावरच हे जास्त होत असेल तर दोष मागाचा नाही : मोटार मंदावते, धोट्याला मार कमी बसतो.

प्रश्न : छताचा पंखा बंद केल्यावर हळूहळू थांबतो. मग संवेग टिकतो कुठे?
— गृहिणी, विजापूर रस्ता

उत्तर : टिकत नाही, कारण इथे बाहेरून टॉर्क आहे. पात्यांना हवा अडवते, बेअरिंग थोडे अडवते. पात्यांचा संवेग खोलीतल्या हवेला मिळतो, तिच्याकडून भिंतींना. घरात उपयोगी पडेल असे एकच सांगतो. पंखा चालू असताना मोटार पात्यांना एका दिशेने पिळते आणि वरच्या दांड्याला उलट दिशेने, साधारण एक न्यूटन-मीटरच्या आत-बाहेर. जोर फार नाही, पण रोज तासन्‌तास आणि प्रत्येक वेळी चालू करताना झटक्यासकट. दांडा आटे उलगडून खाली येऊ नये म्हणून बोल्टला आडवी पिन घालतात. पंखा साफ करायला खाली घेतल्यावर ती पिन ‘आता कशाला’ म्हणून डब्यात टाकून दिलेली असते. ती परत घाला आणि तिची टोके वाकवा.

प्रश्न : साखर कारखान्यात सेंट्रिफ्युगलवर काम करतो. जाळीची बास्केट फिरताना मळी बाहेर पडते, वजन कमी होते. मग खुर्चीसारखा वेग का वाढत नाही? मोटारीवरचा लोड उलट वाढलेला दिसतो.
— कारखाना कर्मचारी, माळशिरस तालुका

उत्तर : यंदाच्या पत्रांतला हा सर्वांत चांगला प्रश्न, आणि मीटरवर दिसते ते खरे आहे. मळीचा थेंब म्हणजे वर सांगितलेले सुटलेले डंबेलच. जाळीतून निघताना तो आपल्या वाटणीचा संवेग घेऊन जातो, बास्केटला काही ठेवून जात नाही. पण इथे एक गोष्ट जास्त आहे. थेंब सुरुवातीला साखरेच्या थराच्या आतल्या बाजूला असतो, समजा अक्षापासून ४५ सेंटिमीटरवर. जाळीपर्यंत, म्हणजे ६० सेंटिमीटरपर्यंत जाताना त्याच आरपीएमला (मिनिटाला तेवढ्याच फेऱ्यांना) त्याला १.७८ पट संवेग लागतो. तो त्याला कोण देतो? बास्केट देते, आणि बास्केटला मोटार. मोटार नसती आणि घर्षणही नसते तर मळी बाहेर सरकताना बास्केट मंदावली असती. खुर्चीवरचा माणूस हात आत घेतो, मळी बाहेर जाते. दोन्ही उदाहरणे उलट्या टोकांची आहेत.

बॅच मशीनमध्ये मॅसेक्विट (साखरेचे दाणे आणि मळी यांचे घट्ट मिश्रण) साधारण २०० आरपीएमला भरतात, १००० ते १२०० ला पिळतात आणि साखर खरवडायला ५० च्या आसपास उतरवतात. १००० आरपीएमला, ६० सेंटिमीटर त्रिज्येवर, गुरुत्वाच्या सुमारे ६७० पट त्वरण असते. याचा सरळ अर्थ असा की भरताना एका बाजूला एक किलो माल जास्त बसला, तर अक्षाला ६७० किलो वजनाइतकी ओढ बसते आणि ती सेकंदाला सतरा वेळा दिशा बदलते. म्हणून स्पिंडल, म्हणजे बास्केटचा उभा दांडा, वर रबरी बफरमध्ये लटकता ठेवतात. बास्केटला थोडे डोलायची मोकळीक असेल तर ती स्वतःचा तोल स्वतः शोधते. बफर कडक झाला किंवा तेलाने फुगला की ही मोकळीक संपते. माल असमान बसण्याची कारणे बहुतेक वेळा तीनच : थंड, घट्ट मॅसेक्विट, भरताना वेग कमी, किंवा बंद झाल्यावरही गळणारा गेट. कंपनाचा स्विच वारंवार मशीन पाडतो म्हणून तो तारेने बांधून ठेवणे हा आत्मघात आहे. त्याला दुसरा सौम्य शब्द नाही.

थांबवताना मात्र फायदा आहे. भरलेल्या बास्केटचे जडत्व आघूर्ण २५० धरले तर १००० आरपीएमला तिच्यात सुमारे १४ लाख ज्यूल, म्हणजे ०.३८ युनिट वीज साठलेली असते. पट्टीच्या ब्रेकने ती सगळी उष्णतेत जाते. मोटारीचा ड्राइव्ह ऊर्जा परत पाठवणारा असेल तर तिचा बराच भाग दुसऱ्या मशीनला मिळतो. तासाला वीस फेऱ्या धरल्या तर एका मशीनची साडेसात युनिटे होतात.

प्रश्न : शाळेत सायकलचे चाक दोरीला टांगून जायरोस्कोप (फिरते चाक न पडता आडवे सरकते तो प्रयोग) दाखवायचा आहे. चाक लगेच खाली पडते किंवा दोरीच गरगर फिरते. नीट कसे करावे?
— विज्ञान शिक्षिका, बार्शी

उत्तर : २६ इंची सायकलचे पुढचे चाक घ्या, टायर-ट्यूबसकट. रिम आणि टायर दीड किलो असतील आणि अक्षापासून ३१ सेंटिमीटरवर असतील तर जडत्व आघूर्ण ०.१४४. ॲक्सलच्या एका टोकाला नटने पक्का बसेल असा लोखंडी पाइपचा तुकडा लावा आणि चाकाच्या मध्यापासून १० सेंटिमीटरवर दोरीसाठी खाच करा. सेकंदाला तीन फेरे एवढा वेग द्या. टायरवर खडूची खूण करून सेकंदाला ३० चौकटींच्या चित्रणात दहा चौकटींना एक फेरा आला की वेग बरोबर. संवेग २.७ होतो. चाकाचे वजन दोन किलो, म्हणून दोरीच्या खाचेपाशी वजनाचा टॉर्क २ गुणिले ९.८ गुणिले ०.१, म्हणजे जवळपास २. त्याला २.७ ने भागले की सेकंदाला ०.७२ रेडियन. चाक दोरीभोवती पावणेनऊ सेकंदांत एक चक्कर मारेल.

वजन चाकाला खाली ओढते, तरी ते आडवे का सरकते? वजनाचा टॉर्क आडव्या अक्षाभोवती असतो, तो संवेगात आडवीच भर घालतो. संवेगाची लांबी तीच राहते, दिशा तेवढी वळत जाते. मुलांना हे शब्दांत पटत नाही. चाक उलट फिरवून दाखवा, चक्करही उलटी लागते. मग घर्षणाने चाक निम्म्या वेगावर येऊ द्या : चक्कर मंद होण्याऐवजी दुप्पट झपाट्याने, जवळपास साडेचार सेकंदांत पूर्ण होते. भोवऱ्याचे असेच असते. दोरीतून सुटल्यावर तो आरीवर जवळजवळ स्थिर दिसतो, आणि मरायला आला की मोठमोठे झोके घेतो.

लगेच पडते म्हणजे वेग कमी, किंवा हात सोडताना तुम्ही ॲक्सल खाली दाबता. सोडल्यावर चाक किंचित खाली झुकून मग सरकते, ते झुकणे योग्यच आहे. दोरी गरगरते कारण नायलॉनला स्वतःचा पीळ असतो. वर बेअरिंगचा हूक लावा, मासेमारीच्या सामानात मिळणारा फिरता हूकही पुरतो, मात्र पाच किलो पेलणारा घ्या. मुलांची बोटे आरांपासून दूर ठेवा, ओढणी आणि टाय आधी काढायला लावा.

प्रश्न : गड्ड्याच्या जत्रेत मोटारीवरच्या चक्रीत मुले आत सरकली तरी वेग तोच असतो. बागेतल्या हाताने फिरवायच्या चक्रीत मात्र वाढतो. असे का?
— सातवीतली वाचक, होटगी रस्ता

उत्तर : कारण जत्रेतल्या, होम मैदानावरच्या चक्रीला मोटार बांधलेली आहे आणि मोटार आपला वेग सोडत नाही. मुले आत सरकली की ती तेवढा संवेग काढून घेते, बाहेर सरकली की भरून देते. बागेतल्या चक्रीला असे कोणी नाही. तिथे एकच करून बघ : चक्री फिरत असताना सगळ्यांनी एकदम मधल्या खांबाकडे यायचे, पण खांब घट्ट धरून. वेग वाढल्यावर पुन्हा बाहेर जाणे सोपे वाटते, आत येताना मात्र दम लागतो. दम का लागतो ते खुर्चीच्या उत्तरात आहे.

प्रश्न : अवकाशात ढकलायला काहीच नाही, तर उपग्रह वळतो कसा?
— अभियांत्रिकी पदविका विद्यार्थी, केगाव

उत्तर : आतले चाक फिरवून. समजा चाकाचे जडत्व आघूर्ण ०.०२ आणि वेग ३००० आरपीएम. संवेग ६.३. उपग्रहाचे जडत्व आघूर्ण ५०० असेल तर तो उलट दिशेने सेकंदाला ०.७२ अंश वळतो, नव्वद अंशांना दोन मिनिटांहून थोडे जास्त. चाक थांबवले की उपग्रहही तिथेच थांबतो. अडचण वेगळीच येते. सूर्यप्रकाशाचा दाब फार क्षीण असला तरी सतत एकाच बाजूने पीळ देत राहतो. तो सोसायला चाकाचा वेग दिवसेंदिवस वाढवावा लागतो, आणि एक दिवस मर्यादा येते. तेव्हा लहान रॉकेट फुंकून, किंवा पृथ्वीजवळ असेल तर चुंबकीय कॉइलने बाहेरून उलटा टॉर्क घेऊन चाक मोकळे करतात. अशी चाके बिघडतातही. ग्रह शोधणाऱ्या केप्लर दुर्बिणीला चार चाके होती, नेम धरायला तीन लागत. २०१२ च्या जुलैत एक गेले, २०१३ च्या मे महिन्यात दुसरे. मग दुर्बीण अशी वळवून ठेवली की सूर्यप्रकाशाचा दाब दोन्ही बाजूंना सारखा पडेल, आणि उरलेल्या दोन चाकांवर काम सुरू राहिले.

प्रश्न : भूकंपाने दिवस लहान होतो आणि चंद्रामुळे मोठा होतो असे वाचले. दोन्ही खरे कसे?
— सेवानिवृत्त शिक्षक, पंढरपूर

उत्तर : दोन्ही खरे, पण कारणे दोन जातींची. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्रा भूकंपात खडक सरकले, पृथ्वीचे थोडे वस्तुमान अक्षाच्या जवळ आले. बाहेरून टॉर्क नाही, नुसते हात आत घेतले. गणिताने दिवस २.६८ मायक्रोसेकंदांनी लहान झाला. हा फरक इतका बारीक की थेट मोजता येत नाही. वारे याहून फार मोठा फरक करतात : ऋतूंप्रमाणे वातावरण संवेग घेते आणि परत देते, दिवसाची लांबी मिलिसेकंदाच्या आसपास खाली-वर होते.

चंद्राचे प्रकरण टॉर्कचे आहे. पृथ्वी चंद्रापेक्षा झपाट्याने फिरते, त्यामुळे भरतीचा फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे ओढला जातो. चंद्र त्या फुगवट्याला मागे खेचतो, पृथ्वी मंदावते. तिने गमावलेला संवेग चंद्राच्या कक्षेला मिळतो आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जातो. अपोलो ११ ने १९६९ मध्ये आणि नंतरच्या मोहिमांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून हे मोजतात. पृथ्वी आणि चंद्र मिळून एक हिशेब धरला तर संवेग तोच आहे. ऊर्जा मात्र भरतीच्या घर्षणात झिजते.

नुसत्या भरतीने दिवस शतकाला २.३ मिलिसेकंदांनी वाढायला हवा, प्रत्यक्षात १.७ च्या आसपास वाढतो. हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याने दबलेली ध्रुवांकडची जमीन अजून वर येते आहे, वस्तुमान अक्षाकडे सरकते आहे. इथे पृथ्वी पुन्हा हात आत घेते आहे.

१.७ मिलिसेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण रोजचा फरक साठत जातो. इ.स.पू. १३६ मध्ये बाबिलोनमध्ये (आजच्या इराकमध्ये) खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची मातीच्या पाट्यांवर नोंद आहे. पृथ्वी आजच्याच वेगाने फिरत होती असे धरून गणित केले तर सावली बाबिलोनवर पडतच नाही, ती सुमारे ४९ अंश पश्चिमेला, भूमध्य समुद्राच्या पश्चिम टोकाकडे पडते. पृथ्वीला ४९ अंश फिरायला सव्वातीन तास लागतात. दोन हजारांहून थोड्या जास्त वर्षांत पृथ्वीचे घड्याळ तेवढे मागे पडले आहे.